आजचा घास आज: रोजच्या विश्वासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सावंतवाडीची. लग्न होऊन म्हापशाजवळच्या एका गावात आले, त्याला सव्वीस वर्षं झाली. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, सातआठ जणी जमतो. बहुतेक मराठी शाळेत शिकलेल्या. कुणी दोडामार्गची, कुणी वेंगुर्ल्याची, एक मिरजेची. मिरजेची प्रोटेस्टंट आहे, बाकी आम्ही कॅथलिक. आमची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू असते तेव्हा ती गप्प बसते, आणि ती अभंगाच्या चालीवर भजन गाते तेव्हा आम्ही गप्प बसतो, कारण आम्हाला चाल येत नाही. बायबल वाचतो, थोडी प्रार्थना, गप्पा जास्त. त्या गप्पांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उतरवले आहेत. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. जिथे फादरांकडेच जायला हवं, तिथे तसं लिहिलं आहे.

प्रार्थनेला वेळच मिळत नाही. काय करू?

सकाळी पावणेसहाला पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, तेव्हा वेळ मिळतो ना? गॅसवर चहा ठेवून, हातात पिशवी घेऊन, केस न विंचरता आपण फाटकापर्यंत जातोच. पोळी (आमच्याकडचा एक पाव) घ्यायची असते म्हणून जातो. प्रार्थनेचंही तेवढंच आहे. वेळ उरला तर करू म्हटलं की उरत नाही, तिला एखाद्या ठरलेल्या आवाजाला बांधून टाकावं लागतं.

गोव्यात तो आवाज तयारच आहे. चर्चची आंजेलुसच्या प्रार्थनेची घंटा पहाटे, दुपारी आणि तिन्हीसांजेला वाजते. आमच्याकडे संध्याकाळच्या घंटेला जुनी माणसं अजूनही असतील तिथे उभी राहतात. प्रार्थना संपली की मुलं मोठ्यांकडे हात जोडून बेसांव मागतात, म्हणजे आशीर्वाद. सगळं मिळून दोन मिनिटं. मी नवीन सून होते तेव्हा मला हे नाटकी वाटायचं. माहेरी आम्ही झोपताना एकदाच प्रार्थना करायचो, तीही आईने हाक मारली तर. आता घंटा ऐकू आली नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पूर्ण तेर्स म्हणजे पाच दशकं, एका दशकात दहा, अशा पन्नास ‘नमो मारिया’ प्रार्थना. वीस मिनिटं पुरतात. तेवढं जमत नसेल तर एक दशक म्हणा, बसस्टॉपवर म्हणा. कदंबाच्या बसची वाट बघताना माझी कितीतरी दशकं झाली आहेत.

विश्वास वाढतोय हे ओळखायचं कसं?

मला वाटतं, ज्याचा त्याला नीट कळत नाही. घरच्यांना आधी कळतं. मोलकरणीशी बोलताना आवाज उतरला का, बाजारात वीस रुपये जास्त परत आले तर मागे फिरलो का, जावेबद्दल बोलताना एक वाक्य गिळलं का. रडू येणं, अंगावर काटा येणं हे चांगलंच, पण त्यावर मोजू नका. काटा एखाद्या चांगल्या तियात्राला, म्हणजे कोंकणी नाटकालाही येतो.

चर्चमधली मिस्सा (मुख्य उपासना) कोंकणीतून असते, माझं मन मराठीत बोलतं. हे कमी प्रतीचं आहे का?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांत जास्त येतो, आणि मीही कधीतरी विचारला होता. त्यामुळे उत्तर लांब आहे.

आधी एक आठवण ठेवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ पर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये असायची. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना मांय म्हणतो, सांगतात की त्या वेळी पाद्री तिकडे लॅटिन म्हणायचे आणि बायका इकडे बाकावर तेर्स ओढायच्या. शब्द न कळताही त्यांचा विश्वास टिकला. तुम्हाला तर कोंकणी निम्म्याहून जास्त कळते.

दुसरं, मराठी या मातीतल्या ख्रिस्ती प्रार्थनेला परकी नाही. थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आले आणि उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी इथेच, मुख्यतः दक्षिण गोव्यातल्या साष्टीत काढलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणं ऐकायची सवय होती. ती सुटली आणि तिच्या जागी काही आलं नाही, ही उणीव त्यांनी ओळखली. मग मराठी ओव्यांमध्ये, मधूनमधून कोंकणी शब्द पेरत, आदामापासून ख्रिस्तापर्यंतची कथा त्यांनी रचली. तेच क्रिस्तपुराण. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात नवा. ते १६१६ मध्ये राशोल इथे छापलं गेलं, तेही रोमी लिपीत. मराठी भाषेला त्यात रत्नांतल्या हिऱ्याची आणि फुलांतल्या मोगरीची उपमा दिलेली आहे. हे एका इंग्रजाने लिहिलं, याचं मला अजून नवल वाटतं. देवनागरीत ते पुण्याहून १९५६ मध्ये निघालं.

मिरजेची आमची मैत्रीण जी भजनं गाते, त्यांतली बरीचशी ना. वा. टिळकांची. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तुकोबांच्या वळणावरच गात राहिले.

तेव्हा मिस्सेला कोंकणीत उत्तर द्या, घरी मराठीत बोला. दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या तर कधी कधी मिळकत होते. मराठीत आपण प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागतो. कोंकणीत म्हणतात, ‘आमचो दिसपट्टो गिरास आयज आमकां दी.’ गिरास म्हणजे घास. भाकरसुद्धा नाही, एक घास. मी कित्येक वर्षं हे तोंडाने म्हणत होते आणि मला ते कानाने ऐकूच आलं नव्हतं.

तो घास कळला कधी?

हे मला गुरुवारी हटकून विचारतात, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

माझा नवरा तारवटी. पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर भटारखान्यात. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे जहाजं थांबली. प्रवाशांना उतरवलं, कामगार वरच राहिले. कुठलंच बंदर त्यांना घेईना. तीनचार दिवसांनी एखादा मेसेज यायचा, तोही अर्धा. टीव्हीवर रोज आकडे.

मी घरच्या आल्तारासमोर, म्हणजे वेदीसमोर, तेर्सला बसायचे आणि शब्दच यायचे नाहीत. ‘नमो मारिया’च्या पुढे काय, तेच आठवेना. मग मी प्रत्येक मण्यावर नुसतं त्याचं नाव घ्यायला लागले. मणी ढकलायचा, नाव घ्यायचं. माळेचा दोरा हाताच्या घामाने काळा पडला होता, तो मला अजून दिसतो. याला प्रार्थना म्हणावं की नाही, मला ठाऊक नव्हतं. मांय बाजूच्या खुर्चीवर असायच्या. त्यांनी ऐकलं, पण पहिले चारपाच दिवस काही बोलल्या नाहीत. एक दिवस माळ ठेवताना म्हणाल्या, ‘आयज जेवला न्ही तो? मागीर आयचें जालें.’ आज जेवला ना तो? मग आजचं झालं.

तो तर स्वयंपाकीच. आणखी कुणी उपाशी राहील, तो कसा राहील! मला हसू आलं आणि मग रडू आलं. त्या दिवसापासून मी तो परत येऊ दे असं मागणं सोडलं असं नाही, मागतच होते. पण आधी आजच्यापुरतं मागायचे. वाळवंटात देवाने इस्राएली लोकांना रोज दिलेलं अन्न, तो मान्ना आठवा. बायबलमधल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात आहे. दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवला की किडायचा. आपली पोळीही दुसऱ्या सकाळी चामड्यासारखी होते.

तो पावसाळ्यात परत आला. आमच्याच वाड्यावरच्या एकीचा भाऊ त्या साथीत गेला, परत आला नाही. तिनेही माझ्याइतकीच प्रार्थना केली होती. त्यामुळे ‘मी मागितलं म्हणून मिळालं’ हे वाक्य मी कधीच बोलत नाही. तुम्हीही माझ्या नावावर कुणाला सांगू नका.

मग मागितलेलं मिळत नाही, त्याचं कारण काय? माझा विश्वास कमी पडला का?

कारण मला माहीत नाही. पण ‘विश्वास कमी पडला’ हे दुसऱ्याच्या दुखण्यावर बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत, हे स्पष्ट सांगते. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. गेथशेमानेत खुद्द येशूने प्याला टळावा म्हणून मागितलं, टळला नाही. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणणार आहात का?

तक्रार करायला परवानगी आहे, हे मात्र बऱ्याच जणींना नवीन असतं. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. तेरावं ‘किती वेळ?’ असं विचारत सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. ज्यांनी बायबल जुळवलं त्यांनी ते काढून टाकलं नाही. आपल्यावर तशी वेळ आली की तेच म्हणावं. सभ्य, गुळगुळीत प्रार्थना त्या दिवशी घशाखाली उतरत नाही.

प्रार्थना कोरडी वाटते. महिनोन्‌महिने काहीच जाणवत नाही.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद. एकसष्ट दिवस ट्रॉलर धक्क्याला बांधलेले. त्या दिवसांत मालीमच्या जेटीकडे गेलात तर जाळी पसरून दुरुस्त करत बसलेली माणसं दिसतात. समुद्र खवळलेला, मासळी अंडी घालते आहे, वरून काहीच दिसत नाही. मासेमारी सोडली असं कुणी म्हणत नाही.

कोरड्या दिवसांत बेत छोटा ठेवा, पण मोडू नका. अर्धा तास बसत असाल तर पाच मिनिटं बसा. नवं पुस्तक, नवी नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना), नवा उपदेशक असं काही शोधत फिरू नका. मी ते केलं आहे, मोबाईलवर प्रवचनं ऐकत रात्र काढायची आणि सकाळी मिस्सा चुकवायची. तीन आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर तो कोरडेपणा नसून आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावर भरवसा नसणं का?

नाही. कॅथलिक बायबलमध्ये सिराखचा ग्रंथ आहे, त्याचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो आणि औषध देवानेच जमिनीतून उगवलं असं म्हणतो. पौल तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. (हे वचन आमच्या वाड्यावर एका काकांना तोंडपाठ आहे. बाकीचं बायबल त्यांनी उघडलेलं नाही, आणि द्राक्षारसाचा अर्थ ते फेणी असा लावतात.) प्रार्थनेसाठी गोळ्या बंद करा असं कुणी सांगितलं तर त्या जागी पुन्हा पाऊल ठेवू नका.

विमा काढणं, पैसे साठवणं चुकीचं आहे का? येशू तर म्हणतो उद्याची चिंता करू नका.

चिंता करू नका म्हणतो, तयारी करू नका म्हणत नाही. आपण मेमध्ये पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो ना! म्हापशाच्या बाजारातून कांद्याच्या माळा, सुक्या मिरच्या, सुके बांगडे, सोलं, सगळं पावसाआधी घरात येतं. त्याला कुणी अविश्वास म्हणत नाही. उत्पत्तीत योसेफाने सात सुकाळाच्या वर्षांत धान्याची कोठारं भरली, म्हणून दुष्काळात मिसर देश जगला.

मान्ना आणि पुरुमेंत, दोन्ही एकाच बायबलमध्ये कसं, असं मिरजेच्या मैत्रिणीने मला एकदा अडवून विचारलं. मी बराच विचार केला. मला सुचलं ते असं: कोठार भरून झाल्यावर रात्री झोप लागते का ते बघा. लागत असेल तर ते पुरुमेंत. परत उठून पोती मोजावीशी वाटत असतील तर तो किडका मान्ना. ती म्हणाली, ‘आणि घरात भरायला काहीच नसेल तर?’ तेव्हा दुसऱ्याने आपल्या पुरुमेंतातून द्यायचं असतं. बहुतेक पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट दी पॉल संस्थेची माणसं हे काम गाजावाजा न करता करतात. तिथे द्या, किंवा गरज असेल तर तिथे मागा. मागायला लाजू नका.

जास्त दान दिलं तर देव दुप्पट परत करतो, असा हिशेब सांगणाऱ्यांना मात्र दारातूनच ‘देव बरें करूं’, म्हणजे धन्यवाद, म्हणा.

देवावर विसंबायचं म्हणजे नेमकं काय? हातावर हात ठेवून बसायचं?

संत जुझे वाझ हे गोव्याचे पाद्री, बाणावलीला १६५१ मध्ये जन्मले. श्रीलंकेत डच लोकांनी कॅथलिकांवर बंदी घातली होती, तिथल्या माणसांना पाद्री मिळत नव्हता. हे १६८७ मध्ये भिकाऱ्याच्या वेशात तिथे उतरले. जाफन्याला आजारी पडले. पुढे कँडीत पोर्तुगीज हेर समजून कैदेत पडले. देवीच्या साथीत लोक रोग्यांना टाकून पळत होते, तेव्हा यांनी त्यांची सेवा केली. चोवीस वर्षं राबले आणि १७११ मध्ये कँडीतच वारले. गोव्याला परत आले नाहीत. त्यांना संतपद मिळालं २०१५ मध्ये.

तिथल्या लोकांसाठी ते तमिळ आणि सिंहली शिकले, या गोष्टीतला तो भाग मला सगळ्यांत आवडतो. देव बघून घेईल म्हणून ते गप्प बसले नाहीत, त्यांनी व्याकरण घोकलं. साकवाळला त्यांचं तीर्थस्थान आहे. जुन्या गोव्याला सगळे जातात, साकवाळला गर्दी तुलनेने कमी असते. निवांत बसायचं असेल तर एखाद्या साध्या दिवशी जा.

बायबल कुठून सुरू करावं?

मार्कच्या शुभवर्तमानापासून. सोळाच अध्याय आहेत, रोज एक म्हटलं तर पंधरवड्याचं काम. पहिल्या पानापासून सुरू करणारे बहुधा लेवीय पुस्तकातल्या होमार्पणांत अडकतात आणि बायबल परत काचेच्या कपाटात जातं. मार्क झाला की रोज एक स्तोत्र. वाचताना एक ओळ मनात राहिली तरी पुरे, ती घेऊन भांडी घासायला जा.

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६. त्यावरून गुरुवारी वाद घालायचा नाही, असा आमचा नियम आहे.

शंका येतात. ते पाप आहे का?

मार्कच्याच नवव्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत कर. एकाच दमात दोन्ही. येशूने त्याला ‘आधी ठरव, मग ये’ असं सांगितलं नाही, मुलाला बरं केलं. शंका मनात दाबून ठेवण्यापेक्षा फादरांसमोर बोलून टाका. आमच्या माहितीत तरी अजून कुणाला हाकललेलं नाही.

मूल किरकिर करतं म्हणून सासूने मीठमिरचीने दिश्ट काढली. मी नको म्हणायला हवं होतं का?

चर्चला हे मान्य नाही, फादर सांगतीलच. पण म्हातारीशी आज भांडून काय मिळणार? आमच्या घरीही व्हायचं. मी मुलाला मांडीवर घेऊन त्यांच्या हातून आधी क्रूसाची खूण करून घ्यायला लागले, मग हळूहळू मिरच्या मागे पडल्या. पूर्ण सुटायला चार वर्षं लागली. एकदा मांयनीच विचारलं, ‘मिरसांगो कित्याक इबाडप?’ मिरच्या कशाला वाया घालवायच्या. त्या वर्षी मिरची महागही होती.

नवरा हिंदू आहे. घरात एकटीने श्रद्धा कशी जपू?

गोव्यात हे जितकं सोपं आहे तितकं मला वाटतं कुठेच नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, फेस्ताला (सणाला) हिंदू रांग लावून तेल घालतात. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण, असं मानणारी घरं दोन्हीकडे आहेत. तेव्हा आपल्या कोपऱ्यात मेणबत्ती लावा, चतुर्थीच्या नेवऱ्या मनापासून तळा, आणि स्वतःच्या रविवारबद्दल मात्र ठाम राहा. मुलांचा बाप्तिस्मा, लग्नाचा संस्कार हे विषय पॅरिशमधल्या फादरांशी बोलूनच ठरवा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

मुलं मोठी झाली, चर्चला येत नाहीत.

माझा थोरलाही येत नाही. नाताळला येतो, मागे मोटारसायकलींजवळ उभा राहतो. मी बोलणं बंद केलं, त्याचं नाव तेर्सच्या शेवटच्या दशकात घेते. संध्याकाळच्या घंटेला घरी असला तर अजून बेसांव मागतो. मी ते मोजत नाही असं म्हणाले तर खोटं होईल.

कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, जायची भीती वाटते. तेच तेच पाप किती वेळा सांगायचं?

तेच तेच असतं, सगळ्यांचंच. माझं पाप म्हणजे राग, वीस वर्षं तोच. एका म्हाताऱ्या फादरांनी मला विचारलं होतं, ‘घर रोज झाडतेस ना? धूळ नवी असते का?’ त्यानंतर भीती गेली, लाज थोडी आहे.

गुरुवारी येताना काय आणायचं?

काही नाही. बायबल नसलं तरी चालेल, आमच्याकडे दोन जास्तीची आहेत, एकाचं मुखपृष्ठ सुटलेलं आहे. लहान मूल असेल तर आणा, अंगणात मांजर आहे. मेच्या महिन्यात आम्ही बसत नाही, वाड्यावरच्या क्रूसाजवळ लादायन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, असते, तिथेच या. नंतर उकडलेले चणे मिळतात, उशीर केलात तर संपतात. एरवी सहाला सुरू करतो, आणि घंटा झाली की उठतो, कारण दोघीतिघींना शेवटची बस गाठायची असते.